"तुम्ही जेवून घ्या, मी नंतर बसतो" : नोकरी सुटलेल्या घरात काय बोलायचं?

करीरोडची (धागाकर्ती)
शनिवार, रात्री ११.२०

आज रात्री ताटं मांडली तेव्हा हे म्हणाले, "तुम्ही दोघी जेवून घ्या, मी नंतर बसतो." गेले आठ-दहा दिवस रोज हेच चाललंय. कधी भूक नाही, कधी कुणाचा फोन यायचाय, कधी पोट जड आहे. आज मात्र भात वाढता वाढता माझा हात थांबला. हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे. करी रोडच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या तोंडून.

आधी आमचं सांगते. हे ५३ वर्षांचे आहेत. चाकणजवळच्या एका कारखान्यात बावीस वर्षं होते, क्वालिटी विभागात. सात महिन्यांपूर्वी एका दुपारी पाच जणांना केबिनमध्ये बोलावलं, कागद पुढे ठेवले आणि संध्याकाळी बसमधून घरी सोडलं. मी एका पतपेढीत आहे, पगार बेताचा. लेक इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत. उपाशी राहायची वेळ नाही, तेवढं मागे टाकलेलं आहे. पण घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. लेक आली की हे लॅपटॉप उघडून बसतात. सोसायटीत विचारलं तर "घरून काम चालू आहे" असं मीच सांगते. चिपळूणला, माझ्या सासरी, अजून कुणाला माहीत नाही.

आता अण्णांचं. ते कापड गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामात होते, दोन साचे (माग) सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी चौथीत होते. सुरुवातीचे दिवस मला सणासारखे आठवतात. बाबा दिवसा घरी, चाळीत सगळ्यांचेच बाबा घरी, गल्लीत सभा, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांचं भाषण ऐकायला माणसांचे लोंढे. गावाकडून धान्य यायचं, युनियनतर्फे वाटप व्हायचं. आई म्हणायची, शिमग्यापर्यंत मिटेल. मग म्हणायला लागली, गणपतीपर्यंत. मग दिवाळीपर्यंत. पुढे तिने म्हणायचंच सोडलं.

अडीच लाख माणसं घरी बसली होती, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा कळायचं ते एवढंच की सकाळी सातच्या पाळीच्या वेळेला अण्णा आपोआप उठून बसायचे. भोंगा वाजत नव्हता तरी. तोंड धुवायचे, सदरा घालायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. दुपारी साडेतीनला, पाळी सुटायच्या वेळेला, जिन्यावर जाऊन बसायचे. आईच्या बांगड्या गेल्या, मग मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या आणि गळ्यात काळे मणी राहिले. आई दादरला दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली आणि रात्री पापड लाटायला बसू लागली. दादा दहावीत होता, तो शाळा सोडून फोर्टात एका कँटीनमध्ये लागला. आणि अण्णा आमच्याबरोबर जेवेनासे झाले. "पोरांना वाढ, मी नंतर बसतो." आम्हाला वाटायचं, त्यांना भूक नाही. ते भाकऱ्या मोजायचे हे आईने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं.

अण्णांनी कधी आमच्यावर हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. पण बोलायचे थांबले ते थांबलेच. पुढे वॉचमन म्हणून लागले, निवृत्त झाले, वारले. आमच्यात त्या दीड वर्षाविषयी एकदाही बोलणं झालं नाही. दादा आज साठीला आलाय. "माझी दहावी" हा शब्द निघाला की तो अजून उठून बाहेर जातो.

मला माझ्या घरात ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. नोकरीच्या जागा कृपया सुचवू नका, ते शोधकाम चालू आहे. ज्यांच्या घरातून हे गेलंय त्यांनी एवढंच सांगा, तुम्ही घरात काय बोललात? कधी बोललात? मुलांना किती सांगितलंत?

*

पाऊसवेडा
शनिवार, रात्री ११.४८

ताई, वाचून गलबललो. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण वाचतोय.

*

जावळीकर
रविवार, सकाळी ७.०५

ताई, माझा बाप त्याच संपातला. फरक एवढाच की तुम्ही मुंबईत होता आणि आम्ही मनीऑर्डरच्या या टोकाला.

दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा. मनीऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर बापानं दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, ‘म्हैस गाभण आहे का कळवणे’ असल्या. आई तो तुकडा देवाच्या फळीवर ठेवायची. ८२ च्या फेब्रुवारीनंतर पोस्टमन आमच्या आळीला येईना झाला. येऊन करणार काय? आमच्या आळीतली अकरा घरं गिरणीवर चालायची.

मेच्या सुमारास बाप ट्रंक आणि वळकटी घेऊन आला. जत्रेला यायचा तेव्हा पहिलं ताट त्याचं असायचं. कोंबडं कापायचं, शेजारपाजार भेटायला यायचा. या वेळी पण आठवडाभर तसंच झालं. तीन आठवड्यांनी चुलतीनं आईला विचारलं, "भावजी परत कधी जाणार?" दीड एकर जमीन, ती दोन चुलते कसत होते. त्यात बापाला करायला काम नव्हतं आणि त्याला नांगर धरायची सवयही राहिली नव्हती. इतकी वर्षं ज्याच्या पैशावर घर शाकारलं, त्या घरात तो खाणारं तोंड झाला. चुलत्यांचा दोष नाही म्हणत मी. त्यांचीही पोरं होती.

मग बाप रोजगार हमीच्या कामावर गेला. रोजगार हमीचा कायदा आपल्याच राज्यानं पहिल्यांदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळातल्या माणसासाठी म्हणून केलेली योजना, तिथं गिरणीतला माणूस खडी फोडायला बसला. सूत तुटलं तर डोळे झाकून गाठ मारणारे हात. पहिल्या आठवड्यात तळव्यांना फोड आले, आईनं हळद-तेल लावलं.

पण ताई, तुमचं जेवणाचं वाचलं आणि एक आठवलं. रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागलं त्या रात्री बाप आमच्या पंगतीत येऊन बसला. तोवर तो पण अंधार पडल्यावर मागच्या पडवीत एकटाच जेवायचा. मजुरी अजून हातात पडायची होती. नुसतं नाव लागलं होतं.

काय बोललो म्हणाल तर आमच्यात कुणीच काही बोललं नाही. आजी तेवढी एकदा म्हणाली होती, "तुझ्या पैशानं ह्या घरावर कौलं चढली, हे मी मेले तरी इसरणार नाही." सगळ्यांसमोर म्हणाली, चुलतीसमोर पण. बापानं ते शेवटपर्यंत धरून ठेवलं.

*

स्पष्टबोल
रविवार, सकाळी ९.३०

भावना समजतात, पण थोडं वेगळं मत मांडतो. गिरणी संपात नेत्यांनी कामगारांना भरीस घातलं. मागण्या ताणल्या, माघार कधी घ्यायची ते कळलं नाही आणि घरं बुडाली. आजही ५३ व्या वर्षी पहिल्यासारखाच पगार आणि हुद्दा हवा म्हणून लोक घरी बसतात. माझ्या वर्कशॉपला दोन वर्षं झाली नीट माणूस मिळत नाही. कमी पैशाचं काम घ्यायला लाज कशाला? काम मिळालं की घरातलं बोलणं आपोआप सुरळीत होतं.

*

करीरोडची
रविवार, सकाळी १०.१५

स्पष्टबोल, ह्यांनी साठाहून जास्त ठिकाणी अर्ज केलेत. त्यातल्या निम्म्या जागा आधीच्या पगाराच्या निम्म्या आहेत. बोलावणं तीन ठिकाणहून आलं. एका ठिकाणी तिशीतल्या मुलाने विचारलं, "सर, तुम्ही आमच्या मुलांच्या हाताखाली काम कराल का?" हे हो म्हणाले. तरी कळवलं नाही. लाज असती तर हो म्हणाले नसते.

संपाबद्दल एवढंच. सामंतांना कुणी पाठवलं नव्हतं, कामगार स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले होते. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता होती आणि त्या युनियनवर अण्णांसारख्यांचा विश्वास उरला नव्हता. शिवाय बदलीवाल्यांचं बघा. वर्षानुवर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी रजेवर असेल तर आत घेणार, नाहीतर परत घरी. माझे मामा नऊ वर्षं बदली होते. त्यांना कायम करा, ही मागणी ताणलेली होती असं मी म्हणू शकत नाही.

*

खानावळीतली लेक
रविवार, दुपारी १.४०

या विषयावर कुणीतरी लिहावं असं फार दिवस वाटत होतं.

माझी आई लोअर परळला खानावळ चालवायची. बोर्ड वगैरे काही नाही, आमच्याच खोलीत. पंचवीस गाळेकरी, बहुतेक रत्नागिरी आणि सांगलीकडचे, गावकीच्या खोल्यांत राहणारे. एका पाळीचे जेवून गेले की दुसऱ्या पाळीचे यायचे. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा तो रात्री बाराला विझायचा. पगाराच्या दिवशी महिन्याचे पैसे.

संप झाला तसे पैसे थांबले, जेवणं थांबली नाहीत. आईने वाण्याच्या वहीवर दोन महिने पंचवीस माणसांना जेवू घातलं. "पोरं आहेत, कुठे जातील?" हे तिचं उत्तर. मग एकेक करून माणसं गावाला गेली. खोली रिकामी झाली, वाण्याची वही तेवढी राहिली. ती उधारी फेडायला आईला पाच वर्षं लागली.

माझा मुद्दा हा आहे. संपात किती कामगार देशोधडीला लागले ते आकडे छापून आले, येत राहतात. माझी आई त्यात नाही. ती गिरणीच्या पटावर कधीच नव्हती, तिला नुकसानभरपाई नाही, म्हाडाच्या सोडतीत अर्ज करायला ती वारस नाही. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची, तेव्हा आई टीव्हीसमोर बसून नावं ऐकत होती. आमच्याकडे जेवणाऱ्यांपैकी कुणाचं लागतंय का म्हणून.

खानावळवाल्या बायांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. पण जेवणारा माणूसच गेल्यावर खानावळ कशी चालणार?

सरकारी पाहणीत मागच्या आठवड्यात एक तासभर जरी काम केलं असेल तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे बांगड्या मोडल्यावर पापड लाटणारी करीरोडची यांची आई या हिशोबाने कामाला लागलेली. घरात कुणाला काम नाही म्हणून जिचं काम दुप्पट झालं, तिला कुठल्या रकान्यात लिहायचं?

अवांतर: ८८ साली संगमेश्वरकडचे एक काका दारात आले. हातात नारळाची पिशवी आणि रुमालात बांधलेले १४० रुपये. दोन महिन्यांचं जेवण. आईने पैसे घेतले. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते, गरिबाकडून कशाला घेतलेस म्हणून. ती म्हणाली, "नाही घेतले तर तो परत कधी माझ्याकडे जेवायला बसेल का?"

*

मृण्मयी_के
रविवार, दुपारी ३.१०

वरची शेवटची ओळ वाचून डोळे भरले.

माझं थोडक्यात. मी ४१, सॉफ्टवेअर टेस्टिंग, चौदा वर्षं. मागच्या वर्षी आमचं अख्खं युनिट बंद झालं. नवऱ्याची नोकरी गेली की घरात सुतक येतं. माझी गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता पोराकडे लक्ष देता येईल." आईसुद्धा म्हणाली, "दमली होतीस, आराम कर." कुणीच वाईट हेतूने म्हणालं नाही. पण मला रडायचं होतं आणि रडायला कारणच नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

एका महिन्यात पोळीवाल्या मावशींना बंद केलं, पाळणाघर बंद केलं, मुलाचा अभ्यास माझ्याकडे आला, सासऱ्यांचं डॉक्टर माझ्याकडे आलं. मुलाखतीची तयारी रात्री अकरानंतर. आणि पोळीवाल्या मावशींचं काय? माझी नोकरी गेली म्हणून त्यांचं एक घर गेलं. ते मला सहा महिन्यांनी सुचलं, याची मला अजून टोचणी आहे.

करीरोडची, तुम्ही विचारलंत कधी बोलायचं. मी फार उशिरा बोलले. एका रात्री नवऱ्याला म्हटलं, "माझी नोकरी गेली याचं तुला वाईट वाटलं का? एकदा मोठ्याने सांग." तो गोंधळला, मग म्हणाला, "वाटलं, पण मी दाखवलं तर तू खचशील असं वाटलं." दोघंही एकमेकांना जपत दोन खोल्यांत बसलो होतो.

*

जुनी_वही
रविवार, सायंकाळी ६.२५

मी समाजशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. करीरोडची यांनी भोंगा नसताना सातला उठणाऱ्या अण्णांचं लिहिलं, त्यावरून एक जुनी पाहणी आठवली.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. मंदीत, १९३० च्या सुमारास, तिथली गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. कुटुंबं ४७८. त्यांनी माणसांना प्रश्नावल्या वाटण्यापेक्षा त्यांच्यात राहून मोजमाप केलं. गावच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली होती आणि माणसांकडे वेळच वेळ होता. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. खिडकीत बसून त्यांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत आणि जागोजागी थांबत. बायका मात्र लगबगीने जात, त्यांना थांबायला फुरसत नव्हती. पुरुषांना दिवसभरात काय केलंत विचारलं तर सांगता येत नसे. खानावळीतली लेक यांचा मुद्दा तिथेही तसाच निघाला. बायकांचा पगार गेला होता, काम गेलं नव्हतं.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट मुलांची. शाळेतल्या मुलांना नाताळात काय हवं ते लिहायला सांगितलं. त्यांच्या मागण्या आसपासच्या गावांतल्या मुलांपेक्षा स्वस्तातल्या होत्या आणि कित्येकांनी ‘आईबाबांना काम असतं तर’ अशी सुरुवात करून लिहिलं होतं. कुणी त्यांना घरची परिस्थिती बसवून समजावली नसेल. मुलांनी ती ओळखली होती.

म्हणून ताई, मुलीला किती सांगावं हा प्रश्न मला थोडा उशिराचा वाटतो. तिला कळलेलं आहे. तिला कळलंय हे तुम्हाला माहीत आहे, एवढं तिला कळवायचं बाकी आहे.

याहोडांनी पुढे आयुष्यभर या विषयावर काम केलं. नोकरी पैशाखेरीज काय देते? दिवसाला आखीव आकार, घराबाहेरची माणसं, आपण मिळून काहीतरी करतोय ही जाणीव, समाजात ओळख, आणि हात चालू ठेवण्याची सक्ती. जावळीकरांचे वडील मजुरी हातात पडण्याआधी पंगतीत का बसले, ते यावरून समजतं.

*

पेठेतला
रविवार, रात्री ९.००

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, २९ वर्षांचा, पुण्यात सहा वर्षं एमपीएससीचा अभ्यास करतोय. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. तुमच्यासारखी माझी नोकरी गेलेली नाही, कारण ती कधी लागलेलीच नाही. त्यामुळे इथे लिहावं की नाही असं वाटत होतं.

अभ्यासिका, मेस, कॉट बेसिस. वडील दर महिन्याला पैसे पाठवतात. मनीऑर्डर गावाकडून मुंबईला उलटी निघाली तर कशी दिसेल, तसं माझं आहे. कापूस विकला की पैसे येतात, नाही विकला तर आई उसने आणते. खुल्या गटाला ३८ पर्यंत वय चालतं म्हणून प्रत्येक वर्षी अजून एक प्रयत्न उरतोच. थांबायचं कधी हे सांगणारं कुणी नाही. घरचे सांगत नाहीत, कारण मला वाईट वाटेल. मी सांगत नाही, कारण त्यांना वाईट वाटेल.

बहिणीच्या लग्नात जेवायला बसलो तर शेजारच्या काकांनी विचारलं, "काय चाललंय सध्या?" तीन शब्दांचा प्रश्न आहे. मी तेव्हापासून गावातल्या तीन लग्नांना गेलो नाही.

ताई, मुलीच्या बाजूने सांगतो. तुमचे मिस्टर लॅपटॉप उघडून बसतात तेव्हा तिला सगळं दिसतं. मी पण अभ्यासिकेत तसाच बसतो, पुस्तक उघडून. माझ्या वडिलांनी एकदा तरी फोनवर म्हणावं, "बाळा, मला पण भीती वाटते." मी त्या दिवशी मोकळा होईन.

*

जावळीकर
रविवार, रात्री ९.२०

पेठेतला, तू आधी फोन कर. वडील नाही करणार. आमच्या पिढीच्या बापांना ते वाक्य येतच नाही. तू म्हण, "दादा, मला भीती वाटते." बघ काय होतं.

*

कामगारवकील
सोमवार, सकाळी ८.१०

ताईंनी जागा सुचवू नका म्हटलंय, म्हणून फक्त कागदपत्रांचं बोलतो. घरातलं बोलणं पुष्कळदा अर्धवट माहितीमुळे अडतं. आपलं नक्की किती आहे आणि किती येणं आहे, हेच माहीत नसतं, मग भीती वाढते.

पहिलं म्हणजे त्या दुपारी पुढे ठेवलेला कागद काय होता ते बघा. राजीनामा असेल तर कायद्याच्या दृष्टीने माणूस स्वतःहून गेला. कपात, म्हणजे कंपनीने कमी केलेलं असेल तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेला नियम आहे, पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. कंपन्या राजीनामा का लिहून घेतात ते यात आलं. दबावाखाली सही झाली असेल तर ते आव्हान देण्याजोगं आहे, पण दिवस घालवू नका. हा नियम ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना लागतो. देखरेखीचं काम आणि वरचा पगार असेल तर वाद होतो, म्हणून नेमणूकपत्र आणि रोजचं प्रत्यक्ष काम दोन्ही तपासून घ्या.

ग्रॅच्युइटीला असली अट नाही. राजीनामा असो वा कपात, पाच वर्षं झाली की ती मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज. सात महिने झाले, मिळाली का?

पीएफ मोडायची घाई करू नका. पेन्शन योजनेत दहा वर्षं पुरी झालेली आहेत, म्हणजे ५८ ला पेन्शन. पन्नाशीनंतर लवकर मागता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापून, आणि ती कपात कायमची.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो हे लोक विसरतात. तो सुटण्याआधीच विचारलं तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. तुमचा तो वेळ गेला असेल तर हप्त्याच्याही आधी नव्या पॉलिसीचं बघा. माझ्याकडे आलेल्या घरांपैकी कित्येक नोकरी जाण्याने बुडाली नाहीत, त्यानंतरच्या एका ऑपरेशनने बुडाली.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत होता आणि ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड होतं, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. २०१८ पासून आहे. नोकरी गेल्यावर नव्वद दिवसांपर्यंत सरासरी मजुरीचा काही भाग मिळतो. कित्येक कामगारांना ही योजना आहे हेच ठाऊक नसतं.

*

स्पष्टबोल
सोमवार, दुपारी २.५०

काल लिहिलं त्यात कडकपणा आला, माफी असावी. सांगतो. माझा धाकटा भाऊ २०२० च्या टाळेबंदीत कामावरून गेला. मी त्याला वर्कशॉपला बोलावलं, पगारही दिला. पण रोज सगळ्यांसमोर सूचना द्यायचो, "असं नाही, तसं कर." चार महिन्यांत तो निघून गेला. पाच वर्षं झाली, दिवाळीला येतो, पाया पडतो, पाच मिनिटांत जातो. मी त्याला काम दिलं, मग चुकलं कुठे, हेच मला कळत नव्हतं. जावळीकरांच्या आजीने जे सगळ्यांसमोर म्हटलं ते वाचून रात्री झोप लागली नाही.

*

मृण्मयी_के
सोमवार, दुपारी ३.१५

स्पष्टबोल, त्याला हे असंच्या असं लिहून पाठवा.

*

करीरोडची
पुढच्या सोमवारी, रात्री १०.३०

सगळ्यांना उत्तर द्यायला आठ दिवस लागले, माफ करा.

वकीलसाहेब, ग्रॅच्युइटी आली होती, पण कमी वाटते. मूळ पगाराचा आकडा जुना धरलाय. ह्यांनी काल बसून अर्ज लिहिला. सात महिन्यांत पहिल्यांदा ते टेबलाशी बसून काहीतरी लिहिताना दिसले. कागद राजीनाम्याचाच होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, बुधवारी एकांना भेटायला जातोय.

रविवारी दुपारी मी तीन ताटं मांडली आणि म्हटलं, आज कुणी नंतर बसणार नाही. जेवण होईपर्यंत काही बोलले नाही. मग घरखर्चाची वही काढली आणि तिघांच्या मध्ये ठेवली. आपल्याकडे एवढे आहेत, महिन्याला एवढे जातात, हप्ते धरून चौदा महिने निघतील, त्यात माझा पगार वेगळा. लेकीने वही ओढून घेतली आणि म्हणाली, "मला वाटत होतं तीन महिने आहेत." मार्चपासून ती कॉलेजच्या कँटीनमध्ये जेवत नव्हती. घरून डबा नेते म्हणायची ते मला वळण लागल्यासारखं वाटत होतं, कौतुकही केलं होतं मी. सहलीला गेली नाही ती पाय दुखतो म्हणून नव्हे.

हे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझी फी मी वेगळी ठेवली आहे, पहिल्याच दिवशी. ती मोडणार नाही. तू सहलीला जायला हवं होतंस." आणि मला म्हणाले, "मी नंतर बसायचो कारण समोर बसलं की तुम्ही दोघी मला बरं वाटावं म्हणून बोलायचात. ते मला बघवत नव्हतं." मी अण्णांच्या भाकऱ्या डोक्यात धरून बसले होते. ह्यांचं कारण निराळंच निघालं.

त्यांना मी अण्णांचं सांगितलं. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. दादाला फोन करून त्याच्या दहावीबद्दलही बोलायचं आहे, ते मात्र अजून जमलेलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी स्वतःहून चिपळूणला फोन लावला. मोठे भाऊजी होते. "नोकरी सुटली," एवढंच म्हणाले. भाऊजींनी विचारलं, "कधी?" हे म्हणाले, "झाले सात महिने." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग भाऊजी म्हणाले, "गणपतीला यंदा चार दिवस आधी या. गणपतीवरची माटवी बांधायला मला माणूस हवाय."

तिकिटं काढली आहेत.